सातारा हिल मॅरेथॉन आणि लॉजवरचं बाकडं

यवतेश्वरचा घाट किती अवघड आहे, असं मला जो तो विचारतो. मी म्हणते, घाटाचं नंतर बघू, आधी राहायची सोय पक्की केलीत का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. मी पुण्याची, वय ४४, बँकेत नोकरी, पळायला लागून तीन वर्षं झाली. नावनोंदणी झाली, सराव झाला (रविवारी बोपदेव घाट, एरवी सोसायटीला फेऱ्या), आदल्या दिवशी साताऱ्यात जाऊन बिबही (छातीवर लावायचा धावपटूचा नंबर) घेतला. कुठे काही अडलं नाही. बिब घ्यायला जाताना ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

शनिवारी संध्याकाळी पाचला लॉजवर पोचले. खोली जूनमध्येच फोनवर धरली होती, हजार रुपये ॲडव्हान्सही पाठवला होता. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. माझं नाव होतं. त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ, आणि वर बारीक अक्षरात, ‘ग्रुप – १४ माणसं’.

“ताई, तुमचा कन्फर्मचा फोन नाही आला.”

“पैसे दिल्यावर आणखी काय कन्फर्म करायचं असतं?”

“तसं नाही हो. बसा, चहा घ्या. सातला एक खोली रिकामी होतेय.”

सातला तो म्हणाला आठ. आठला तो जेवायला गेला. तोवर मी फोनवर सहा लॉज पालथे घातले. त्या शनिवारी साताऱ्यात खोली कुठली मिळायला? एक जण तर चक्क हसला. बाकडं इतकं अरुंद, की पाठ टेकली तर पाय लोंबायचे, आणि उद्या पळायचंय त्याच पायांनी. साडेआठच्या सुमारास तो १४ जणांचा ग्रुप एकसारखे नवे टी-शर्ट घालून जिन्याने खाली आला. त्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, आमचा एक फोटो काढता?” काढला. दोन काढले, पहिल्यात कुणाचे तरी डोळे मिटले होते. नवरा फोनवर सांगत होता, “परत ये सरळ, पुणं काय लांब आहे!” तेव्हा मात्र जिद्दीने बसून राहिले.

खोली मिळाली पावणेदहाला. खाली खानावळीचं स्वयंपाकघर. बारापर्यंत फोडण्या आणि भांड्यांचा खडखडाट. गजर चारचा.

म्हणून सांगते, पैसे पाठवलेत की खोलीचा नंबर लेखी मागून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. तीन दिवस आधी एक फोन करा. आणि गावात पोचलात की आधी खोलीची किल्ली, मग बिब. मी नेमकं उलटं केलं.

शर्यतीचं म्हणाल तर पहिली दहा-साडेदहा किलोमीटर चढच आहे. तीव्र वळणांवर मी पळलेच नाही, भराभर चालले. शेजारी हट्टाने पळणारे पुढे घाटातच मागे पडले. एका वळणावर अजिंक्यतारा दिसला आणि लगेच धुक्यात गेला. वरून कण्हेर धरणाचं पाणी दिसतं म्हणतात, मला माझ्या पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसलं नाही. आम्ही धापा टाकत चढत होतो आणि पहिले येणारे समोरून सुसाट उतरत होते. वाटेत लेझीम, ढोल, आणि एका पोराने ओला हात पुढे करून म्हटलेलं, “पळा आजी!” आजी! त्या रागावर एक किलोमीटर तरी निघाला.

उताराला हायसं वाटतं, पण खरा मार तिथेच बसतो. दर पावलाला ब्रेक मारत गेलं की मांड्या कामातून जातात. पावलं लहान आणि भराभर टाका. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा, माझं अंगठ्याचं नख काळं पडलं ते अजून तसंच आहे.

वेळ लागला २ तास ४१ मिनिटं. त्या झोपेवर! मला तरी त्याचं कौतुक आहे.

मेडल गळ्यात घालून लॉजवर आले तर तोच माणूस काउंटरवर. म्हणाला, “ताई, चेकआउट नऊला असतं, अर्ध्या दिवसाचं भाडं लागेल.” मी काही बोलले नाही. फक्त त्या बाकड्याकडे बोट दाखवलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग रजिस्टर पुढे ओढून म्हणाला, “राहू दे. पुढच्या वर्षीची खोली आत्ताच लिहून ठेवू का?”

म्हटलं, “लिहा. पण आधी पावती फाडा.”