तुम्ही विचारलंत म्हणून: रंगीत अजगर कितीला घ्यावा?

पावसाळ्यात माझा फोन सापांसाठीच वाजतो. कुणाच्या गोठ्यात परड, कुणाच्या न्हाणीत धामण, कुणाच्या अंथरुणाजवळ मण्यार. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र एक वेगळा फोन यायला लागला आहे. पलीकडे वीस-बावीस वर्षांचं पोरगं असतं, मोबाइलवर व्हिडिओ पाहून झालेला असतो. "दादा, थो पिवळा-पांढरा अजगर घ्याचा हाय. कितीले भेटन? अन् कोणता घ्याव?" कधी दारव्ह्याहून, कधी आर्वीहून, कधी आमच्याच गावातून. दर वेळी अर्धा तास बोलावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

तुम्ही व्हिडिओत पाहता तो बहुतेक वेळा बॉल पायथन असतो. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांकडचा साप. लांबी तीन ते पाच फूट. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या नाल्याकाठी, धरणाखाली सापडतो तो अजगर वेगळा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतला प्राणी बाळगला तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे. तेव्हा हे पुढचं सगळं फक्त त्या परदेशी सापाबद्दल.

आता किंमत. दोन साप शेजारी ठेवले, दोन्ही तसेच तपकिरी, तसेच ठिपके. तरी एक तिप्पट महाग असू शकतो. का, ते कपाशीवाल्याला लवकर कळतं. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर शेत एकसारखं येत नाही. एक झाड उंच, एक बुटकं, कारण दोन्ही आईबापांचे गुण त्या बियात दडलेले असतात. सापातही तसंच आहे. अल्बिनोचा, म्हणजे अंगात काळा रंगच न बनणाऱ्या सापाचा, पिवळा-पांढरा रंग उघड दिसायला तो गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर पिल्लू साधं दिसतं, पण गुण पोटात घेऊन फिरतं. अशा पिल्लाला विकणारे "हेट" म्हणतात. दोन हेट जुळवले तर सरासरी चार अंड्यांत एक अल्बिनो निघतो. उरलेल्या तीन साध्यांपैकी दोघांत गुण असतो, पण ते दोघं कोणते हे डोळ्यांनी कळत नाही. "६६ टक्के हेट" म्हणून जे विकतात ते हेच. म्हणजे तुम्ही रंग विकत घेत नाही, एक शक्यता घेता, आणि तीही विकणाऱ्याच्या शब्दावर. आईबापांचे फोटो आणि अंडी घातल्याची नोंद दाखवत नसेल, तर त्या पिल्लाचे साध्या सापाएवढेच पैसे द्यावेत.

पेस्टलसारखे (उजळ, पिवळसर रंगाचे) काही गुण एकाच आईबापाकडून आले तरी दिसतात. तिथे फसवणूक कमी आणि भावही कमी. मादी सहसा नरापेक्षा महाग, कारण अंडी ती घालते. पण तिला अंडी घालण्याएवढ्या वजनाला यायला तीनेक वर्षं लागतात.

हे सगळं मी सांगतो ते एका भीतीमुळे. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना साप पाळायचा नसतोच, जोडी घेऊन पिल्लं विकायची असतात. पाळलेल्या सापांपासून झालेला पहिला बॉल पायथन अल्बिनो अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे १९९२ मध्ये अंड्यातून निघाला. तेव्हा असे साप हजारो डॉलरला जात. आज तिकडे अल्बिनो शंभर-दोनशे डॉलरमध्ये मिळतो. त्याचा रंग काही फिका झाला नाही. मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालते, पिल्लांची पिल्लं होतात, आणि जो गुण चार लोकांकडे होता तो चार हजारांकडे जातो. आपल्याकडे ईमूचं काय झालं ते आठवा. अंडी घेणारा नवीन पाळणाराच होता. नवीन पाळणारे थांबले आणि पिंजरे तसेच राहिले. कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून सापाची जोडी घेऊ नका. हात जोडून सांगतो.

आणि हा साप नीट ठेवला तर २०-३० वर्षं जगतो. भाव पडल्यावरही त्याला दर आठ-पंधरा दिवसांनी उंदीर लागणारच.

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावचा एक मुलगा प्लास्टिकच्या डब्यात असाच एक साप घेऊन माझ्या अंगणात आला. पारदर्शक डबा, झाकणाला तापलेल्या खिळ्यानं पाडलेली भोकं. त्यानं २६ हजार मोजले होते. पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आलेलं, बिल नाही, कागद नाही. साप सुंदर होता, खोटं कशाला सांगू. सोनेरी अंग, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. मी त्याला हातात घेतलं तर डोकं हळूहळू एका बाजूला कललं, मग उलटं झालं, हनुवटी आभाळाकडे. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. याला "स्पायडर" म्हणतात. ज्या गुणामुळे ती जाळी येते, त्याच गुणामुळे तोल जातो. आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते. औषध नाही. उंदरावर झेप घेतली की नेम चुकतो, पुन्हा घेतो, पुन्हा चुकतो. विकणाऱ्यानं त्या मुलाला सांगितलं होतं, "नाचतो तो, खुशीत असला की."

हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटीत मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके होते. बोट फिरवलं तर ते चालायला लागले. माइट, म्हणजे सापाला लागणारे गोचिडीसारखे बारीक किडे. पाण्याच्या वाटीतही दहा-बारा मेलेले तरंगत होते. पाठीचा कणा बोटाला धारेसारखा लागत होता, म्हणजे कित्येक आठवडे पोटात काही गेलेलं नव्हतं.

म्हणून कोणता घ्यावा याचं माझं उत्तर रंगापासून सुरू होत नाही. आधी खातो का ते बघा. विकणाऱ्याकडून निदान पाच-सहा वेळच्या खाण्याच्या तारखा आणि वजनं मागा, मेलेला उंदीर घेतो का त्याचा व्हिडिओ मागा. बॉल पायथन महिनोनमहिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे "खाईल नंतर" या बोलण्यावर जाऊ नका. मग हातात घ्या. अंग भरलेलं हवं, नाकपुडीत बुडबुडे नकोत, श्वासाला शिट्टी नको. टाकलेली कात अखंड होती का विचारा. स्पायडर तर नकोच, फुकट दिला तरी.

मग कागद. २०२४ पासून अशा परदेशी प्राण्यांची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि साप एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याची नोंद आधी बघायची, पैसे नंतर. बँकॉकहून बॅगेत भरून आणलेले साप मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या विमानतळांवर पकडले जातात, आणि जे सुटतात ते असेच बिनकागदाचे पुढे विकले जातात. बिनबिलाच्या चोरबीटीचं, म्हणजे परवानगी नसलेल्या कपाशी बियाण्याचं, पाकीट घेताना जी धाकधूक होते ती इथेही व्हायला हवी.

आणि आपलं हवामान. या सापाला पिंजऱ्याची गरम बाजू ३१ ते ३३ अंश लागते. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५-४६ ला जातो, दुपारी लाइन जाते, टिनाच्या खोलीत साप भाजून निघतो. डिसेंबरच्या रात्री दहा अंशांवर त्याची छाती भरते. कूलरसमोर ठेवला तर दमटपणानं खवले सडतात. जाड भिंतींची आतली खोली आणि थर्मोस्टॅटला इन्व्हर्टर, एवढी सोय नसेल तर थांबा. शेतातले उंदीर तर अजिबात घालू नका. वावरात झिंक फॉस्फाइड टाकलेलं असतं, ते उंदरातून सापाच्या पोटात जातं.

कधीकधी याच प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. "दादा, आमच्या वावरात पांढरी धामण निघाली. हिचे किती येतीन?" तिचे काहीच येणार नाहीत. पांढरी असल्यामुळे घारीच्या नजरेत ती आधीच पटकन येते, त्यात तुम्ही तिला पोत्यात घालू नका. दुतोंड्या म्हणजे मांडुळाचंही तेच. वजनावर लाखांचा भाव सांगणारा माणूस एक तर फसवायला आलेला असतो, नाही तर स्वतः फसलेला. आपल्या मातीतला कुठलाही साप पकडून विकणं गुन्हा आहे. सापडला तिथेच बांधाला सोडा, नाही तर मला बोलवा, मी येतो.

त्या मुलानं नोंद करायची म्हणून विकणाऱ्याला फोन केला, तर नंबर बंद. आठवडाभर आम्ही ते माइट काढले, वाटी रोज उकळत्या पाण्यानं धुतली. नवव्या दिवशी सापानं चिमट्यानं अगदी तोंडाशी धरलेलं उंदराचं पिल्लू घेतलं, चौथ्या झेपेला. मग आम्ही दोघं वनविभागाकडे गेलो आणि साप सोपवला. एसटीत ते पोरगं डबा मांडीवर धरून बसलं होतं, खिडकीतून ऊन आलं की रुमाल झाकत होतं. त्याचे २६ हजार गेले ते गेलेच.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर पैसे पाठवायच्या आधी फोन करा. सापाचे फोटो नकोत, खाण्याच्या तारखा आणि नोंदीचा कागद पाठवा. पावसाळ्यात रात्री नऊनंतर करा. दिवसा मी कुणाच्या तरी गोठ्यात असतो.