रांजणवाडी आणि गाठ मारलेला धागा

परवापासून उजव्या डोळ्याला रांजणवाडी आलीय, त्यात सोलापूरचा मे महिना, दुकानात गॉगल घालून बसलो तर गिऱ्हाईक विचारतंय काय ओ शेठ, हिरो झालाव काय. आजी रोज तळहातावर बोट घासून गरम करून डोळ्याला लावते. बोट गरम होतं, रांजणवाडी आहे तशीच.

पण बीएस्सीचं मायक्रोबायोलॉजी डोक्यातून जात नाही ना (धंदा चादर-टॉवेलचा, डिग्री भिंतीवर). अश्रूंत लायसोझाइम असतं, बॅक्टेरियाची भिंत कापणारं एन्झाइम, मग अश्रूंनी कायम ओल्या असणाऱ्या पापणीच्या कडेला रांजणवाडी करणारा हा बॅक्टेरिया, स्टॅफिलोकोकस ऑरियस, तग धरतो कसा?

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. ही भिंत म्हणजे विणलेलं कापडच की, उभे धागे साखरेचे, दोन जातीच्या साखरा एकाआड एक, आणि त्यांना आडवं बांधणारे अमिनो ॲसिडचे बारके तुकडे. लायसोझाइम बरोबर दोन साखरांच्या मधे कातरी घालतं, धागे तुटले की आतल्या प्रेशरनं बॅक्टेरिया फुटतो. तर ऑरियस काय करतो, त्यातल्या एका साखरेवर ॲसिटिल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची बारकी गाठ मारून ठेवतो, कातरी नीट बसतच नाही! गाठ मारणारं एन्झाइम ओटए. २००५ साली जर्मनीत ते जीनच काढून बघितलं तर हाच ऑरियस लायसोझाइमपुढं ढेपाळला.

न्युमोनिया करणाऱ्या न्युमोकोकसचं उलटंच, तो दुसऱ्या साखरेवर आधीच असलेलं ॲसिटिल काढून टाकतो, म्हणजे कातरीला पकडायची खूणच गायब. आतड्यातल्या ई. कोलाय बॅक्टेरियाला बाहेरून एक जादा पडदा, शिवाय आयव्ही नावाचं प्रोटीन, ते सरळ लायसोझाइमच्या तोंडात बोळा कोंबतं.

मला बिचाऱ्या फ्लेमिंगचं वाईट वाटतं. सर्दी झाली असताना स्वतःचा शेंबूड प्लेटवर टाकून त्यानं हे लायसोझाइम शोधलं, १९२२ ला जाहीर केलं, पुढं लिंबू पिळून लोकांचे अश्रू गोळा केले, आणि निघालं काय तर निरुपद्रवी बॅक्टेरिया फटाफट विरघळतात, रोग करणारे मात्र बहुतेक ठणठणीत. १९२८ ला पेनिसिलिन सापडलं म्हणून, नाहीतर नाव शेंबडावरच राहिलं असतं.

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, गाठ मारलीय तर कातरीनं कशाला, शेक दे, मऊ पडतंय. डॉक्टरांनी पण शेकच सांगितलाय, दिवसातनं चार वेळा. टॉवेल घरचाच आहे.