कोल्ह्यानं काय घोडं मारलंय?

नॉर्वेच्या पार उत्तरेला, फिनमार्कच्या माळावर, एका कादंबाची (रानहंसाची; इंग्रजीत लेसर व्हाइट-फ्रंटेड गूज) घरटी वाचावीत म्हणून लाल कोल्हे मारतात, असं नववीच्या वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून लगेच आलं, "बाई, कोल्ह्यानं काय घोडं मारलंय?" पोरगा शेतकऱ्याचा. उसाच्या फडातून पळणारी कोल्ह्याची पिल्लं त्यानं पाहिलेली. तिकडचा कोल्हा वेगळा, पण प्रश्न रास्तच. तासात उत्तर मावलं नाही, म्हणून इथे लिहिते.

हा कादंब आपल्या पट्टकादंबाचा भाऊबंद. वजन जेमतेम दोन किलो, डोळ्याभोवती पिवळं कडं, कपाळावरचा पांढरा पट्टा टाळूपर्यंत गेलेला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दहा हजारांच्या घरात होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे रानात विणीच्या तीसही जोड्या उरल्या नव्हत्या. मुख्य कारण शिकार. त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा थोरला भाऊ (ग्रेटर व्हाइट-फ्रंटेड गूज) बऱ्याच ठिकाणी कायद्यानं मारता येतो. दोघं एकाच थव्यात उडतात आणि पहाटेच्या अंधुक उजेडात बंदूकवाल्याला ते पिवळं कडं दिसत नाही.

आता कोल्हा यात कुठे आला? उपग्रहाचे टॅग लावल्यावर एक गोष्ट कळली आणि ती वाचून मी थक्क झाले. ज्या जोडीची पिल्लं जगतात, ती जोडी पिल्लांजवळच थांबून पिसं झडवते, म्हणजे जुनी पिसं गाळून नवी येऊ देते, आणि मग हंगेरीतल्या होर्टोबाजच्या गवताळ मैदानावरून थेट ग्रीसला जाते. ही वाट जवळची आणि बरीच सुरक्षित. ज्यांचं घरटं बुडालं ते पिसं झडवायला पूर्वेला पार सायबेरियात जातात आणि तिथून ओब नदी, कझाकस्तान, काळा समुद्र असा वळसा घालून ग्रीस गाठतात. बंदुका याच वाटेवर. म्हणजे कोल्ह्यानं अंडी खाल्ली की पिल्लं तर गेलीच, वर आईबापही मरणाच्या वाटेला लागले.

शिवाय ही वाट पिल्लं आईबापांकडूनच शिकतात. आजोबांबरोबर जोतिबाच्या डोंगरावर चालत गेलेल्या पोराला रस्ता पाठ होतो, तसं. स्वीडनमध्ये 1981 पासून या कादंबाची पिल्लं दुसऱ्या जातीच्या कादंबांच्या पंखाखाली वाढवली. ती जगली, पण पालक नेदरलँड्सला जाणारे, म्हणून पिल्लंही तिकडेच जाऊ लागली. त्यांचा जीव वाचला याचा मला आनंदच आहे. पण ग्रीसची जुनी वाट माहीत असलेले शेवटचे पक्षी गेले, तर ती वाट कोण शिकवणार?

म्हणून मला कोल्हे मारणं पटतं. जड मनानं, पण पटतं. तो उंच माळ मुळात लाल कोल्ह्याचा नव्हताच. थंडी सौम्य झाली, माणसांचं उष्टं-खरकटं आणि मेलेली रेनडिअर मिळू लागली, तसा तो वर सरकला. ध्रुवीय कोल्ह्यालाही त्यानं हुसकावलं. त्याचा दोष नाही, हे त्या पोराचं म्हणणं मला मान्य आहे. पण आपण बिघडवलेलं निस्तरायचंही आपणच.

आणि हे फिनमार्कपुरतं नाही. आपल्या कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठावर रात्री पार्ट्या होतात. बिर्याणीचे डबे, हाडं तिथेच टाकून लोक जातात आणि त्यावर पोसलेली कुत्री सकाळी गवतातून हुंगत फिरतात. त्याच गवतात हळदीकुंकू बदकं जमिनीवर घरटी करतात. पावसाळा संपेपर्यंत तरी काठावर खरकटं टाकू नका, आणि फिरायला येताना तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी असू द्या. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही काही जण काठ साफ करणार आहोत. प्रश्न विचारणारा तो पोरगाही येतोय.