डॉलर महागला म्हणून शेअर घ्यायचा का?

आज वाळूजच्या चहाच्या टपरीवर एकच चर्चा: रुपया पडला, निर्यातवाल्या कंपन्यांचे शेअर घेऊन टाका. बाबांनो, आधी आकडेमोड करा.

समजा, विक्री 100 कोटी, त्यात निर्यात 60 कोटी, आयात कच्चा माल 25 कोटी, नफा 10 कोटी. डॉलर 80 वरून 84 झाला, म्हणजे 5 टक्के. निर्यातीत 3 कोटी वाढले, कच्च्या मालात सव्वा कोटी गेले. उरले पावणेदोन कोटी. ऐकायला भारीच! पण उघड्या (निर्यात वजा आयात) 35 कोटींपैकी 70 टक्क्यांचे फॉरवर्ड करार, म्हणजे डॉलरचा पुढचा भाव आधीच पक्का करणारे करार, जुन्या भावाने झालेले असतील, तर यंदा हाती येतात जेमतेम साडेबावन्न लाख. बाकीचा फायदा करार संपतील तसा, तोही परदेशी गिऱ्हाईक पुढच्या ऑर्डरला भाव पाडून मागणार नसेल तरच. वाहनांचे सुटे भाग घेणारे मोठे गिऱ्हाईक हमखास मागतात. औषध कंपन्यांचा बराचसा कच्चा माल चीनमधून डॉलरमध्ये येतो, तेही धरा.

डॉलरमधलं कर्ज असेल तर सगळंच उलटं होऊ शकतं. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये 'परकीय चलन जोखीम' हा तक्ता असतो. चलन इतके टक्के हललं तर नफा किती हलेल, ते तिथे दिलेलं असतं. माझ्या मते तो न बघता शेअर घेऊच नये.

लातूरच्या सोयापेंडीचं गणित अजून वेगळं. तिथे स्पर्धक ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीचा भाव पडला, तर स्वस्त रुपयाही फार पुरत नाही.