बॉथम चालतोय

मामाच्या घराला रंग काढायचा होता म्हणून कपाट रिकामं करायला गेले होते. खणातल्या पेपराखाली एक जुनी वही सापडली, हिशोबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि आत हिशोब वगैरे काही नाही, सगळी क्रिकेटची कात्रणं. खळीनं चिकटवलेली, त्यामुळे झुरळांनी पण थोडं क्रिकेट खाल्लंय. त्यातच हा फोटो. ओला रस्ता, बाजूला दगडी कुंपण, मधोमध इंग्लंडचा क्रिकेटपटू इयन बॉथम, अंगात ट्रॅकसूट, केस मानेवर आलेले, आणि एक पाय हवेत. हातात ना बॅट ना बॉल. मागे एक माणूस प्लास्टिकची बादली घेऊन जवळजवळ पळतोय. खाली मामाच्या अक्षरात "१९८५, बॉथम चालतोय" एवढंच.

बॉथमला मामानं प्रत्यक्ष बघितलं होतं, १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेला. ती ज्युबिली टेस्ट, जिच्यात खग्रास सूर्यग्रहण आलं म्हणून टेस्टच्या मधला सुट्टीचा दिवस बदलून त्या दिवशी ठेवला होता. ग्रहण आपलं निस्तरलं पण बॉथम नाही, असं मामा म्हणायचा. ११४ रन आणि १३ विकेट, एकट्याच्या. इंग्लंडचे ५८ वर ५ गेले होते, बॉब टेलरला अंपायरनं आउट दिला तर आपल्या विशीनं, म्हणजे कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथनं, त्याला परत बोलावलं आणि मग ती दोघं १७१ ची पार्टनरशिप करून बसली. विशीचा मोठेपणा सांगताना मामाचा गळा भरून यायचा आणि पुढच्याच वाक्यात "पण कशाला बोलावला रे" असंही यायचं.

तर असा हा आपल्याला धुणारा माणूस रस्त्यानं का चालतोय हे, लहानपणी मामानं हीच वही दाखवली तेव्हा, सहावीतल्या मला कळेना. मामानं सांगितलं की ब्रिटनच्या वरच्या टोकापासून, जॉन ओ'ग्रोट्सपासून, खालच्या लँड्स एंडपर्यंत चालत गेला, १४०० किलोमीटर, म्हणजे समज आपल्या दादरहून दिल्ली, ३५ दिवसांत, आणि ते सुद्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीपावसात. का, तर रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांसाठी, त्या आजारावरच्या संशोधनाला पैसे. त्याचं मूळ आणखी मागे, १९७७ मध्ये. हेडिंग्लेला टेस्ट खेळताना बॉलवर पाय पडून पायाचं हाड मोडलं, म्हणून टाँटनच्या हॉस्पिटलमध्ये गेला तर वाटेत मुलांचा वॉर्ड. मुलं खेळत बसलेली, काही झालंय असं वाटेना. त्याला सांगितलं, यातली काही थोडे दिवसच आहेत. पाय मोडला म्हणून तिथे गेलेल्या माणसाला पुढे पायच कामाला लावावेसे वाटले, आता याला काय म्हणायचं.

पण माझी शंका वेगळीच होती. चालला तर पैसे का मिळतात? म्हणजे आजीची मैत्रीण टिटवाळ्याला चालत जायची ते नवस होता म्हणून, तिचा आणि गणपतीचा हिशोब, मध्ये तिसरं कोणी नाही. याचे पाय दुखणार आणि पैसे तिसराच देणार, तेही चौथ्याच्या मुलासाठी! एवढा मोठा प्लेअर, एक मॅच खेळायची, तिकिटं लावायची, झालं काम. मामा वही मिटत म्हणाला, "अगं, बसल्या माणसाला कोण देतं?"

हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं. आता दर जानेवारीत मॅरेथॉनच्या आधी ऑफिसात मेल येतो की मी धावतोय, अमुक संस्थेला डोनेट करा, आणि मी मुकाट्यानं ५०० रुपये देते, जे त्याच माणसानं जागेवर उभं राहून मागितले असते तर दिले नसते हे नक्की. वर परत मनात, अरे हा २१ किलोमीटर पुरा करेल ना, का माझे पैसे घेऊन मध्येच रिक्षा करेल. म्हणजे आपण पैसे चालण्याचे देत नाहीच, फोडांचे देतो बहुतेक. बॉथमला ते कळलेलं असणार. एक टेस्ट पाचच दिवस चालते, हा महिनाभर रोज ४० किलोमीटर, रोज दुसऱ्या गावातून, आणि ज्याला आयुष्यात कधी लॉर्ड्सचं तिकीट मिळालं नाही तो पण दारात उभा राहून बादलीत नाणं टाकू शकतो.

पुढे त्यानं असे बरेच वॉक केले. १९८८ मध्ये तर हॅनिबलच्या वाटेनं आल्प्स ओलांडायला सोबत हत्ती घेतले (हत्तींना कोणी विचारलं होतं का कोण जाणे). सगळे मिळून १ कोटी पौंडांच्या वर जमवले. तो पहिल्यांदा त्या वॉर्डात गेला तेव्हा त्या आजाराची १० मधली २ मुलं वाचायची, आता तिकडे ९ वाचतात. सगळं काही त्याच्या चालण्यानं झालं नाही, डॉक्टर आणि औषधं आहेतच, पण औषध शोधायला पैसे लागतात आणि ते त्या बादलीतून पण गेले.

फोटो काढून मामाला व्हॉट्सॲप केला. तो सध्या पुण्याला मुलाकडे आहे, दोन्ही गुडघे बदललेत, सोसायटीत फेऱ्या मारतो आणि मोजतो. पाच मिनिटांत फोन.

"फोटो मोठा करून बघ. त्याच्या मागचा तो बादलीवाला बघ."

"बघितला, काय त्याचं?"

"बॉथम फार जोरात चालायचा, बरोबरची माणसं टिकायची नाहीत. हा पुढच्या वळणाला बसला असणार बघ." मग जरा थांबून, "तू आज किती चाललीस?"

फोन कानाचा काढून बघितलं. बाराशे चाळीस. त्यातले निम्मे मामाच्याच कपाटापासून माळ्यापर्यंतचे.

"चार हजार झाले," म्हटलं.

"बादली धर तू," मामा म्हणाला.