कंपासपेटीतली पुडी

वाण्याची यादी करायला पेन्सिल हवी होती. लेक झोपलेली, लेक म्हणजे धाकटी, थोरला क्लासला. तिचीच कंपासपेटी उघडली. कोनमापकाखाली वहीच्या कागदाची चपटी पुडी. बघताक्षणी तोंडाला पाणी सुटलं.

नववीत माझ्या पेटीत अशीच पुडी असायची, तिखट-मिठाची. मधल्या सुट्टीत कैरी, आवळे, दगडासारखे पेरू, काहीही चालायचं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून पुडी पाझरायची. माझ्या कर्कटकाचे दोन्ही पाय गंजून एकमेकांना चिकटले ते कायमचे. भूमितीच्या बाईंनी ते नाकाशी नेलं आणि काही न बोलता परत दिलं.

घरात मात्र मी दोन पोळ्यांची. दादा तेव्हा अकरावीत. आला की चपला काढायच्या आधी पातेल्यांवरची झाकणं उचलायचा. सकाळचा गार भात, त्यावर कच्चं तेल, मेतकूट, बुक्कीनं फोडलेला कांदा, सगळं ओट्याशी उभ्यानं. रात्री पुन्हा सात पोळ्या. ‘वाढतं अंग आहे,’ आई कौतुकानं म्हणायची. अंग माझंही वाढतच होतं, पण त्याबद्दल घरात फक्त ओढणी नीट घे एवढंच बोललं जाई. आई कणकेचे गोळेच मोजून करायची. तिसरी पोळी मी कधी मागितली नाही, हेही खरं. चिंचांनी दात आंबलेले, चावणार कशानं?

(आताच्या पोरांच्या मॅगीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. ती भारतात आली १९८३ साली, म्हणजे आमच्याच वेळची. कोरडी चुरून, वर मसाला भुरभुरून मीही खाल्ली आहे.)

पुडी सोडली. आत पाच निळ्या गोळ्या. एक अर्धवट विरघळून कागदाला चिकटलेली. शाळेत आठवड्याला एक देतात ती, लोहाची. बाईंसमोर गिळायची असते. हिनं जिभेखाली धरली असणार.

पालकसभेत डॉक्टरबाईंनी फळ्यावर आकडे लिहिले होते, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले. देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय, मुलग्यांत ३१. मी तेव्हा मोबाइलमध्ये दुधाचा हिशेब बघत होते.

पाच गोळ्या, पाच आठवडे. पुडी होती तशी घडी घालून ठेवली. यादी राहिलीच.

रात्री तिच्या ताटात तिसरी पोळी वाढली. तिनं मान वर न करता ताट बाजूला सरकवलं.

‘दादाला दे.’