तुम्ही विचारलंत म्हणून: रेटिंग सातशेवरच अडलंय, मन कसं टिकवायचं?

प्रश्न थोड्याफार फरकाने असाच येतो: "रोज खेळतो, व्हिडिओ बघतो, कोडी सोडवतो, तरी रेटिंग सातशेच्या आसपासच घुटमळतं. दोन दिवस चढतं, तिसऱ्या दिवशी सगळं धुऊन निघतं. बुद्धिबळावरचं मन उडू नये म्हणून काय करावं?"

बहुतेकांचं दुखणं मनात नसतं, आकडा चुकीचा वाचण्यात असतं. म्हणून आधी आकड्याकडे बघू.

रेटिंगची मूळ पद्धत अमेरिकेतले प्राध्यापक अर्पाड एलो यांची. फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. समोरच्या खेळाडूच्या तुलनेत तुम्हाला किती गुण मिळायला हवेत, एवढंच ती सांगते. जिंकलेल्या डावाला एक गुण, बरोबरीला अर्धा. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर १०० डावांत ५० गुण, तुमचं १०० ने जास्त असेल तर साधारण ६४, २०० ने जास्त असेल तर ७६. ऑनलाइन खेळताना जोडी लावली जाते ती तुमच्याच आसपासच्या रेटिंगवाल्याशी. म्हणजे सातशेवर असताना निम्म्याच्या आसपास डाव हरणार आणि उद्या बाराशेवर गेलात तरी तेवढेच हरणार. खेळ सुधारला की हारण्याचं प्रमाण कमी होत नाही, हरवणारी माणसं बदलतात. "जरा जिंकायला लागलो की मजा येईल" म्हणून थांबलेल्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

आता सलग हारण्याचं बघा. बरोबरीत सुटणारे डाव बाजूला ठेवले आणि प्रत्येक डाव नाणेफेकीसारखा धरला, तर २० डावांत कुठेतरी सलग पाच हार येण्याची शक्यता २५ टक्के निघते. खेळ तसूभरही बिघडलेला नसताना! एका डावाला रेटिंगचे आठ-दहा गुण धरले तर त्या पाच डावांत चाळीस-पन्नास गुण गेले. त्यामुळे पन्नास गुणांच्या चढउताराला अर्थ चिकटवू नका. आकडा बघायचाच असेल तर महिन्यातून एकदा, तारीख ठरवून बघा. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर सेटिंगमध्ये जाऊन खेळाडूंचं रेटिंग दिसणंच बंद करता येतं. ही सोय नवख्यांसाठी सोन्यासारखी आहे आणि ती वापरणारे फार थोडे.

नवीन खातं असेल तर गोंधळ आणखी. लिचेस सगळ्यांना १५०० पासून सुरू करतं, आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावतं आणि पहिल्या काही डावांत मोठमोठ्या उड्या मारतं. १५०० चे ९०० झाले म्हणजे तुम्ही ६०० गुणांनी बिघडलात असं नव्हे, यंत्राचा पहिला अंदाज चुकला होता. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटचा आकडा वेगळ्या गर्दीतला, फिडेचा त्याहून वेगळा. फिडेच्या यादीत तर मार्च २०२४ पासून १४०० च्या खालचं रेटिंगच नाही. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून रडण्यात काही हशील नाही.

मग मोजायचं काय? प्रत्येक डावात फुकट दिलेले मोहरे. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. संपलेला डाव उघडा आणि बदल्यात काहीच न मिळता आपले किती मोहरे गेले ते मोजा. प्यादी सोडून द्या. डावाला तीन जात होते ते दोनवर आले, तर खेळ सुधारला. रेटिंगला ते कळायला वेळ लागतो, तुम्हाला त्याच दिवशी कळतं.

फुकट का जातात, हे एका ओळखीच्या उदाहरणात पाहू. पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा घोडा सी६ वर. आता पांढऱ्याचा वजीर थेट एच५ वर येतो. काळा खूश होऊन दुसरा घोडा एफ६ वर काढतो, कारण वजिरावर हल्ला मिळतोय. पांढरा वजिराने एफ७ चं प्यादं मारतो आणि मात! सी४ वरच्या उंटाचा जोर असल्यामुळे राजाला तो वजीर मारता येत नाही. घोडा एफ६ ही खेळी एरवी उत्तम. इथे ती अंगाशी आली, कारण आपल्या खेळीने काय मिळेल एवढंच पाहिलं गेलं, त्याच्या खेळीने काय बदललं ते नाही. बरोबर उत्तर जी६. वजीर एफ३ वर सरकून पुन्हा एफ७ वर डोळा ठेवतो, आणि आता घोडा एफ६ वर आणायचा, मधली वाट बंद. पांढऱ्याच्या घोड्याची एफ३ ही हक्काची जागा त्याच्याच वजिराने अडवली, तो भुर्दंड त्याचा.

तेव्हा खेळी करण्याआधी तीन प्रश्न. त्याच्या शेवटच्या खेळीने कशावर हल्ला झाला? मी हे खेळलो तर तो मला कुठे शह देऊ शकतो, काय मारू शकतो? मी उचलतोय तो मोहरा आत्ता कशाचं रक्षण करतोय? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो.

या तपासणीला सुरुवातीला दहा सेकंद तरी लागतात. चाळीस खेळ्यांचा डाव धरला तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या जवळपास. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावात, अख्ख्या डावाला मिळतात १८० सेकंद. नवख्याने ब्लिट्झ खेळून सुधारणा शोधणं इथेच फसतं: सवय लावायला लागणारा वेळच त्या घड्याळात नाही. १५ मिनिटं आणि प्रत्येक खेळीला १० सेकंद वाढीव, असा डाव निवडा. ते वाढीव दहा सेकंद तपासणीचा खर्च बरोबर भरून काढतात आणि मूळची पंधरा मिनिटं विचाराला शिल्लक राहतात. दिवसाला असे दोन डाव पुरे.

दोन हारले की त्या दिवशी थांबायचं. इच्छाशक्तीच्या भरवशावर राहू नका, नियमच करा. तिसरा डाव सहसा गेलेले गुण वसूल करायला खेळला जातो आणि हात डोक्याच्या पुढे धावतो. खात्री हवी असेल तर हारलेल्या डावाच्या शेवटचं घड्याळ बघा. वजीर गेला तेव्हा बारा-तेरा मिनिटं शिल्लक असतील, तर तुम्ही खेळत नव्हतात, खेळ्या टाकत होतात.

हारलेला डाव तपासताना इंजिन, म्हणजे खेळ्या तपासून देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लगेच लावू नका. आधी स्वतः दहा मिनिटं बघा आणि डाव कुठे फिरला असं वाटतं ती एक खेळी ठरवा. मग इंजिन लावा. अर्ध्या-पाऊण प्याद्याचा फरक दाखवणाऱ्या खुणांकडे साफ दुर्लक्ष करा. कोण किती पुढे आहे हे सांगणारा इंजिनचा आकडा एका खेळीत दोन-तीनने कोसळतो तेवढ्याच जागा तुमच्या कामाच्या. वहीत एक ओळ लिहा: खेळी क्रमांक आणि कारण. कारणं चारच ठेवा: मोहरा फुकट दिला, धमकी दिसली नाही, घड्याळ संपलं, जिंकत असलेला डाव घालवला. वीस डावांनी कोणतं कारण जास्त आलं ते मोजा आणि पुढचे दोन आठवडे फक्त त्यावर काम.

कोडी रोज पंधरा मिनिटं: एका खेळीत मात, दोन खेळींत मात. तीच पन्नास कोडी पुन्हा पुन्हा सोडवा, पटावर नजर पडताच उत्तर दिसेपर्यंत. कोड्यांचं रेटिंग खेळाच्या रेटिंगपेक्षा बरंच वर असतं म्हणून गोंधळू नका. कोड्यात 'इथे काहीतरी आहे' हे आधीच सांगितलेलं असतं, डावात कोणी सांगत नाही. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचे व्हिडिओ? पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ आणि डी४ ला एकेक उत्तर, पाच-सहा खेळ्यांपर्यंत. त्यापुढचं समोरचाही खेळत नाही.

आणि डाव सोडू नका. या पातळीवर हत्ती पुढे असलेला माणूसही पाच खेळ्यांत तो परत देतो. त्याला मात देता येते का, हे त्याला करून दाखवू द्या.

तुम्हाला मात्र ती देता आली पाहिजे. वजीर आणि राजा विरुद्ध एकटा राजा हा शेवट अचूक खेळला तर दहा खेळ्यांच्या आत संपतो, तरी कितीतरी जण तो बरोबरीत घालवतात. वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या चालीइतका लांब ठेवून तो जाईल तसा मागे जायचं, की राजा आपोआप कडेला ढकलला जातो. चूक होते ती कोपऱ्यात. काळा राजा ए८ वर गेला आणि तुम्ही सवयीने वजीर बी६ वर ठेवलात, तर ए७, बी७, बी८ तिन्ही घरं बंद, शह मात्र नाही. स्टेलमेट, अर्धा गुण. म्हणून राजा कडेच्या ओळीत आला की पाठलाग सोडायचा. तो आठव्या ओळीत असेल तर वजीर सातव्या ओळीत, त्याला निदान दोन घरं हलायला उरतील असा लांब ठेवायचा, आणि आपला राजा चालत जवळ आणायचा. कॉम्प्युटरविरुद्ध हे सलग दहा वेळा, घड्याळात एकच मिनिट लावून. एकदा जरी स्टेलमेट झाली तरी मोजणी पुन्हा एकपासून.